पंपवाल्याचा पट्टेवाला

काका चहा बशीत ओतून प्यायचे, पण बशी कधी काठापर्यंत भरू द्यायचे नाहीत.

घरात शिरण्याआधी बाहेरच्या नळावर अंघोळ. साबण दोनदा. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत. त्या बादलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काकू तिला ‘वाळीत टाकलेली’ म्हणत.

बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरचा किडा चिमटीत धरायचे. त्याचं नाव सांगायचे. सोडून द्यायचे. बोलणं पुढे चालू.

वारा बघायला बोट ओलं करायचे नाहीत. नाक वर करायचे.

उलटं चालायचे. शेतात तर चालायचेच, पण रस्त्यानेही पाच-दहा पावलं उलटी टाकायचे. काकू हाताला धरून त्यांना सरळ करत.

आणि काहीही अर्धवट सोडून उठावं लागलं, तर खूण केल्याशिवाय उठायचे नाहीत. वर्तमानपत्रात ओळीवर काडेपेटीतली काडी. जेवताना फोन आला, तर भातात चमचा उभा रोवलेला. म्हणायचे, “परत आल्यावर माणसाला विचारत बसायला नको, मी होतो कुठे म्हणून.”

तीस वर्षं त्यांच्या पाठीवर औषध फवारायचा सोळा लिटरचा पंप होता. लोक त्यांना पंपवाले काका म्हणत. त्यामुळे बायको आपोआप पंपवाल्या काकू झाली. काकूंना ते मुळीच आवडायचं नाही. “मी काय पंप मारते?” त्या विचारत. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

घर कालव्याच्या कडेला, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट भातशेती दिसायची. मागच्या पडवीत खुंटीला पंप टांगलेला. शेजारच्या डब्यात नोझल साफ करायचा जुना दात घासायचा ब्रश. पडवीला कुलूप. किल्ली काकूंच्या गळ्यात.

भाताच्या रोपांचे झुबके करून ते ओळीने लावतात. त्या एका झुबक्याला चूड म्हणतात. एका शेतात असे हजारो चूड. फवारणारा माणूस सरळ चालत गेला, तर स्वतःच मारलेल्या औषधातून ओला होत जातो. काका मागे मागे सरकत फवारायचे. ओलं सगळं समोर राहायचं आणि एखादा चूड कोरडा राहिला तर डोळ्यांना दिसायचा. काम संपलं की मालकापुढे उभे राहायचे आणि एकच वाक्य बोलायचे.

“झालं. एकही चूड सुटला नाही.”

हीच त्यांची सही होती. दुसरी कुणी मागितली नाही.

पंप रिकामा झाला की तो भरायला कालव्यापर्यंत जावं लागे. जाण्याआधी ते त्या जागेसमोर बांधावर एक काठी रोवत. काठीच्या टोकाला पांढरं फडकं. परत आले की काठीपासून पुढे सुरू. तीस वर्षांत ही काठी कधी चुकली नव्हती.

ती चुकली सहा वर्षांपूर्वी. आणि चुकवली काकूंनी.

शेत मास्तरांचं होतं. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, मग शेती करायला लागले. शेतीत जीव रमला, पण व्याकरण काही सुटलं नाही. गड्याने “पाणी सोडलं गेलं” असं म्हटलं, की मास्तर विचारत, “कुणी सोडलं? कर्ता सांग, कर्ता. कर्ता लपवायचा असला की माणूस असं बोलतो.”

त्या वर्षी भातावर पानं गुंडाळणारी अळी दिसली. पानांवर पांढरे पट्टे पडायला लागले. मास्तर घाबरले. दुकानातून चांगलं जालीम औषध आणलं आणि काकांना बोलावलं.

दुपारी काकू जेवणाचा डबा घेऊन गेल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. बांध निसरडा झालेला. काका कालव्यावर पंप भरत होते. काकूंना समोर काठी दिसली. त्यांनी बाटली काखेत धरली, काठी उपटली, तिच्या आधाराने पंधरा पावलं पुढे चालल्या, कोरड्या जागी बसल्या आणि काठी शेजारी रोवून टाकली. एवढंच. हातातली वस्तू माणूस कुठेतरी ठेवतोच.

काका आले. जेवले. काकू डबा घेऊन घरी गेल्या. काकांनी पंप पाठीला लावला आणि काठीपासून सुरू केलं.

संध्याकाळी काकू भांडी घासत होत्या. काका आले ते पंप हलवत. आत पाणी डुचमळत होतं.

“हे बघ,” काका म्हणाले. “पाव पंप उरला. माझ्या हातात आजवर कधी उरला नाही. हात हलका पडला की काय?”

“वय झालं,” काकू म्हणाल्या.

“वयाने पाठ दुखते. मोजमाप बिघडत नाही. काठीपासून सुरू केलं होतं मी.”

काकूंचा हात भांड्यात थांबला.

“काठीपासून?” त्या म्हणाल्या. “अहो, काठी मी हलवली होती. बांध निसरडा होता.”

काका कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. एखाद्याला त्याचा पत्ता चुकलाय असं सांगितल्यावर तो बघेल, तसे बघत होते.

“किती?”

“पंधरा पावलं असतील.”

“एवढा पट्टा.” काकांनी नाक वर केलं. वारा फिरला होता. “आता नाही जमणार. उद्या सकाळी मारतो तेवढं.”

तेवढ्यात मास्तर सायकलवरून दारात आले. पाय टेकवला, उतरले नाहीत. “काय रे, झालं का?”

“झालं,” काका म्हणाले. “एकही चूड सुटला नाही.”

मास्तर गेले. काकूंनी वर बघितलं नाही. काकू नंतर म्हणायच्या, खोटं ते बोललेच नाहीत. तीस वर्षं तेच वाक्य बोलून जीभ घसरगुंडी झाली होती. वाक्य आपोआप घसरलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी दुसऱ्याचं शेत होतं. पट्टा राहून गेला. ‘राहून गेला’ हे असंच असतं. त्यात कर्ता नसतो.

पंचवीस दिवस गेले.

मग मास्तरांच्या शेतात एक करपट गोल उमटला. ताटाएवढा. चार दिवसांत तो गाडीच्या चाकाएवढा झाला. मग दुसरा, मग तिसरा. कुणी उकळतं पाणी ओतावं तसा भात बुडापासून तपकिरी होऊन वाळत गेला. खाली वाकून बघितलं, तर बुंध्याला पाण्याच्या जरा वर बारीक तपकिरी तुडतुडे खच्चून बसलेले. तांदळाच्या दाण्याहून लहान. हात लावला की तिरके उडायचे. रस पिऊन पिऊन त्यांनी शेत वाळवलं होतं.

आणि त्या करपलेल्या शेतात, मधोमध, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, पंधरा पावलं रुंदीचा एक हिरवागार पट्टा उभा होता. टक्कल पडलेल्या डोक्यावर केसांची एकच रेघ राहावी तसा.

बघायला माणसं जमली. औषधाचा दुकानदारही आला. पट्ट्याकडे बघून त्याने मान डोलावली. “उघड आहे,” तो म्हणाला. “इथे काकांचा हात सैल सुटला. दुप्पट बसलं औषध. म्हणून वाचलं. बाकी ठिकाणी कमी पडलं.”

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. मास्तरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “तू आधी सांगायचंस ना. आपण सगळीकडे दुप्पट मारलं असतं.”

काका वाकून एक वाळलेलं पान चुरगाळत राहिले.

“बोलत नाही बघा,” कुणीतरी म्हणालं. “धंद्याचं गुपित आहे.”

काकू पदराचं टोक पिळत मागे उभ्या. पायाखालचा बांध दुभंगावा आणि आपल्याला पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

दोन दिवस काकांचं नाव चहुकडे झालं. तीन शेतकरी घरी येऊन गेले. त्यांच्याही शेतात करपट गोल दिसायला लागले होते. तिघांनाही एकच हवं होतं. तो मास्तरांच्या पट्ट्यातला हात. दुप्पट. परवा सकाळपासून. काका “बघू” म्हणत राहिले. लोकांनी ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा घेतला.

जेवताना काकांनी चमचा भातात उभा रोवला. फोन आला नव्हता. तरी रोवला.

“मी सांगते मास्तरांना,” काकू म्हणाल्या. “काठी मी हलवली. माझी चूक.”

“तू काठी हलवलीस. एकही चूड सुटला नाही, हे कोण म्हणालं?”

“मग तुम्ही सांगा.”

“काय सांगू? माझ्याकडे आहे काय? जमीन नाही, शिक्षण नाही. एक वाक्य आहे. तेच खोटं होतं असं सांगू? उद्या पंप घेऊन कुणाच्या बांधावर उभा राहिलो, तर लोक आधी मोजपट्टी आणतील.”

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेवढ्यात खरंच फोन वाजला. लेकीचा. ती शहरात औषधांच्या दुकानात काम करायची, माणसांच्या औषधांच्या. घरात बापलेकींची जुनी थट्टा होती, की दोघंही औषधवाले. काकूंनी फोन घेतला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. काका “अगं, अगं” करत राहिले.

लेक म्हणाली, “आई, बाबांना दे. बाबा, एक सांगा. आमच्याकडे आधी डॉक्टर तपासतो, मग आम्ही औषध देतो. तुमच्याकडे कोण तपासतं?”

“आमच्याकडे दिसतं ना. अळी दिसते. मारतो.”

“अळी दिसली. पण आत आणखी कोण राहतं, ते कोणी बघितलं? जिथे औषध मारलं तिथे रोगी मेला. जिथे मारलं नाही तिथे ठणठणीत. आमच्याकडे असं झालं असतं ना, तर दुकानाला कुलूप लागलं असतं.”

“हे पोर तुझ्यावर गेलंय,” फोन ठेवल्यावर काका म्हणाले. पण चमचा त्यांनी तसाच राहू दिला. भात गार झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना काका उठले. काकूही मागोमाग गेल्या. पट्ट्याच्या कडेला दोघं उभे राहिले. दव पडलेलं होतं. ऊन तिरपं आलं आणि पट्टा एकदम चमकला. एका चुडापासून दुसऱ्या चुडापर्यंत जाळी. कोळ्यांची. शेकडो. प्रत्येक जाळ्यावर दवाचे थेंब. डावीकडे बघितलं, तर करपलेलं, कोरडं, एकही जाळं नाही. उजवीकडेही नाही.

काकू पट्ट्यात शिरल्या. तोंडावर जाळं आलं. त्यांनी हाताने पुसलं, आणि हात तसाच गालावर राहिला.

“अहो,” त्या म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले, तेव्हा निंदायला गेलं की दिवसभर तोंड पुसत बसायचे. आठवतं? किती वर्षं झाली, तोंड पुसलंच नाही मी.”

काका उकिडवे बसले. चुडाच्या बुंध्याशी एक करडा कोळी होता, जाळं न करणारा. त्याने एक तुडतुडा धरला होता. काका बघत राहिले. त्याचं संपलं. त्याने दुसरा धरला. चतुर आणि त्यांच्याहून बारीक टाचण्या भातावरून फिरत होते, गस्तीवर असल्यासारखे. खाली पाण्यावर लांब पायांचे किडे पळत होते.

“मी यांनाही मारत आलो,” काका म्हणाले. “एकही सुटला नाही.”

काकूंना त्या वाक्याचा असा अर्थ कधी ऐकू आला नव्हता.

दहा वाजता किडेवाल्या बाई आल्या. मास्तरांनीच बोलावलं होतं त्यांना. बाई सरकारी खात्यात होत्या, किडे बघायचं काम. स्कूटरच्या डिकीत पांढरी थाळी आणि गळ्यात भिंग. माणसं पुन्हा जमली. बाईंनी करपलेल्या भागातला एक चूड वाकवला, थाळीवर झटकला. थाळी तपकिरी झाली. तुडतुडे, तुडतुडे, तुडतुडे. मग पट्ट्यातला एक चूड झटकला. थाळीत तुडतुडे होते, पण सात-आठच. बाकी गर्दी वेगळीच. कोळी. लाल पाठीचे ढालकिडे. हिरवट, काळ्या डोक्याचे, सडपातळ किडे.

“हा कोण?” मास्तरांनी विचारलं.

“मिरीड ढेकूण.”

“ढेकूण?” काकूंच्या तोंडून गेलं. “आणि तो चांगला?”

“फार चांगला. तुडतुड्याची अंडी खातो.” बाई हसल्या. मग त्यांनी काकांकडे बघितलं. “या पट्ट्यात तुम्ही कोणतं औषध मारलंत?”

सगळे ऐकायला पुढे सरकले. ज्या तिघांना दुप्पट हवं होतं ते सगळ्यांत पुढे.

“काहीच नाही,” काका म्हणाले.

“म्हणजे?” मास्तर.

“इथे फवारणी राहून गेली.”

“राहून गेली?” मास्तरांचा आवाज वर्गातला झाला. “कुणाकडून राहून गेली? कर्ता सांग.”

“कर्ता मी,” काकू पुढे झाल्या. “काठी मी हलवली. बांध निसरडा होता.”

“काठी हिने हलवली,” काका म्हणाले. “खोटं मी बोललो. सुटला नाही म्हणालो. पंधरा पावलं सुटला होता. मला त्याच संध्याकाळी माहीत होतं.”

मास्तरांनी आधी काकूंकडे बघितलं, मग काकांकडे.

“दोन वाक्यं,” शेवटी मास्तर म्हणाले. “दोन कर्ते. दोन्ही शुद्ध.” मग त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे जिथे तू काम केलंस तिथे माझं शेत गेलं, आणि जिथे कामचुकारपणा केलास तिथे वाचलं? एक तर तू खोटा, नाही तर औषध खोटं.”

“औषध खरं आहे, मास्तर,” काका म्हणाले. “खरं आहे म्हणून तर झालं. त्याने कुणालाच सोडलं नाही.”

बाईंनी मग समजावलं. बुंध्यात घातलेली तुडतुड्यांची अंडी फवाऱ्यातून वाचतात. वरचे राखणदार मरतात. अंडी फुटतात तेव्हा खायला भात असतो आणि खाणारं कुणी उरलेलं नसतं. अळीने पानं थोडी गुंडाळली असती, भाताने ती भरून काढली असती. पट्ट्यातल्या भाताने काढलीच होती.

“म्हणजे दरवाजातल्या चोराला घालवायला आपण घरचा कुत्रा मारला,” पुढे उभ्या तिघांपैकी एक म्हणाला.

“कुत्रा, मांजर, शेजारी, सगळेच,” दुसरा म्हणाला.

त्या आठवड्यात तिघांनीही दुप्पट मारलं नाही. बाईंनी सांगितलं तसं पाणी काढून शेतं कोरडी केली. दोघांची वाचली. तिसऱ्याचं निम्मं गेलं. मास्तरांचं पट्टा सोडून सगळं गेलं. ते काकांशी महिनाभर बोलले नाहीत. महिन्याने आले, ओसरीवर बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, “चल, पुढच्या हंगामाचं ठरवू. पट्टा कुठे सोडायचा?”

झालं. तिथून नाव पडलं. पट्टा सोडणारा तो पट्टेवाला. ऑफिसात साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसतो, त्यालाही पट्टेवालाच म्हणतात. त्यामुळे थट्टेला ऊत आला. पंपवाल्याचा पट्टेवाला झाला, बढती की बदली, अशी चर्चा दुकानांतून होई. कुणी रस्त्यात हाक मारी, “अहो पट्टेवाले, साहेब आहेत का आत?” काका हात जोडून म्हणत, “आहेत. आठ पायांचे आहेत. वाट बघा.”

काकूंना मात्र हे नाव पहिल्यापासून आवडलं. “यात माझाही वाटा आहे,” त्या सांगत. “काठी मी हलवली.”

मोजपट्टी कुणी आणली नाही. उलटंच झालं. फवारायचं म्हटलं की लोक आधी काकांना शेत बघायला बोलवायला लागले. बाईंनी त्यांना एक पांढरी थाळी दिली होती, कडेला टवका उडालेली. काका शेतात तिरपे चालत, अधूनमधून एक चूड निवडत. एका शेतात वीस चूड. प्रत्येक चूड थाळीवर झटकायचा आणि ओरडायचं. काकू बांधावर वही घेऊन बसत.

“तुडतुडे पाच. कोळी दोन. ढेकूण तीन.”

“चतुर?”

“चतुर थाळीत येत नाही. चतुर आहे तो.”

हा विनोद काका दर शेतात एकदा करत. काकू दर वेळी हसत. आधी खरंच हसू यायचं. मग सवयीने यायचं. मग पुन्हा खरंच यायला लागलं.

विसावा चूड झाला की काका ठरवत. राखणदार पुरेसे असले, तर “राहू द्या.” नसले, तर पंप काढत. पंप त्यांनी टाकून दिला नव्हता. “मी काही साधू झालेलो नाही,” ते म्हणत. “रोगी खरंच आजारी असेल, तर औषध देणार. पण तपासल्याशिवाय नाही. लेक रागावते.” पण फवारताना पट्टा सोडायचे. नेहमी पंधरा पावलं. दहा का नाही, वीस का नाही, असं बाईंनी एकदा विचारलं. काका म्हणाले, “ते हिला विचारा. मोजमाप हिचं आहे.”

काम संपल्यावर मालकापुढे उभं राहायची सवय तीच राहिली. वाक्य बदललं.

“झालं. जे सुटायला हवे होते ते सुटले.”

वाळीत टाकलेली बादली महिना महिना कोरडी राहायला लागली. काकूंनी एक दिवस तिला घासूनपुसून तिच्यात झेंडू लावला. काका बघून म्हणाले, “शेवटी घेतलंस जातीत.” संध्याकाळी दोघं ओसरीवर बसत. भातावर टाचण्या फिरत. काका बशीत चहा ओतत, थोडाच. त्यांना काही कमी नव्हतं. असं ते म्हणायचे नाहीत, पण त्यांच्याकडे बघून कळायचं.

गेल्या मंगळवारी मास्तरांच्या शेतात मोजणी होती. मास्तरांना चार-दोन तुडतुडे दिसले होते आणि जुने करपट गोल आठवले होते. औषध आणून ठेवलं होतं. “तू फक्त हो म्हण,” ते म्हणाले होते.

“वीस चूड बघतो. मग बोलतो.”

सकाळचे नऊ वाजले असतील. वारा नव्हता. काकू बांधावर वही उघडून बसल्या. काका शेतात तिरपे निघाले, थाळी एका हातात, खूणकाठी दुसऱ्या हातात. एकेक चूड झटकत गेले. काकू लिहीत गेल्या.

“अकरावा,” काका ओरडले. “तुडतुडे सहा. कोळी तीन. ढेकूण चार.”

“चतुर?” काकूंनी विचारलं.

या वेळी उत्तर आलं नाही. काकूंनी वर बघितलं. काका उभे होते. त्यांनी बांधाच्या कडेला, बाराव्या चुडापाशी काठी रोवली. हाताने दाबून बघितली, पक्की बसली का. मग हळूहळू काकूंकडे आले. सरळ चालत आले. उलटे नाही. ते काकूंना तेव्हाच खटकलं.

“काय झालं?”

“काही नाही. जरा बसतो.”

ते शेजारी बसले. थाळी मांडीवर. नाक वर केलं. काकूंना वाटलं, वारा बघताहेत. त्यांनी वहीत अकरावी ओळ नीट लिहून पुरी केली. मग विचारलं, “आहे का वारा?”

नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात. काही कळलंही नसेल. लेक आली. माणसं आली. मास्तर दाराशी उभे राहिले आणि एकही वाक्य पूर्ण करू शकले नाहीत.

पाच दिवस झाले. औषधाचा दुकानदार मास्तरांना विचारून गेला, मारायचं की नाही. मास्तर म्हणाले, नाही. दुकानदाराने विचारलं, तुडतुडे वाढले तर? मास्तर म्हणाले, “मोजणी पुरी झालेली नाही. मोजणी पुरी झाल्याशिवाय या शेतात औषध येणार नाही.”

काल सकाळी काकू तिकडे गेल्या. बांध निसरडा होता. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात वही. काठी पाच पावलांवर आली, मग हाताच्या अंतरावर. काकूंनी तिला हात लावला नाही. तोल सावरत तशाच पुढे गेल्या आणि कोरड्या जागी बसल्या.

वही उघडली. अकरा ओळी भरलेल्या. बाराव्या ओळीवर नुसता आकडा, बारा, आणि पुढे कोरं. शेतात बाराव्या चुडापाशी काठी उभी. फडकं दवाने ओलं. काठीपासून चुडापर्यंत एका कोळ्याने जाळं बांधलेलं.

नऊ चूड मोजायचे राहिलेत.